सोंगविद्या: गायकाचं सोंग काढून होणाऱ्या जादूला शक्ती कुठून मिळते?

डिचोलीचे एक तरुण वाचक मराठीत रोल-प्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन, फासे टाकत खेळायचा कथाखेळ) लिहीत आहेत. अमेरिकेत एल्विस प्रेस्लीचं सोंग काढणारे कलावंत असतात. त्या धर्तीवर, प्रसिद्ध गायकाचं सोंग काढून जादू करणाऱ्यांचा एक काल्पनिक पंथ त्यांना गोव्यात उभा करायचा आहे. त्यांनी विचारलंय की सोंग कुणाचं काढावं, शक्ती येते कुठून, ती आवरायची कशी, आणि आपल्याकडे अंगात देवाचा अवसर येतो त्याच्याशी हे जोडावं का.

मी फोंडा महालातल्या उत्सवी रंगभूमीवर संगीत नाटकांतून गायलो, पुढे गावोगावची नाटकं बसवली. आता अद्भुतकथा लिहितो आणि मुलांना जमवून असे खेळ चालवतो. म्हणून हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी जवळचा आहे, आणि उत्तर लांबणार आहे.

आधी अमेरिकेचं बघू. एल्विस १६ ऑगस्ट १९७७ रोजी गेला, पण त्याची सोंगं तो हयात असतानाच निघू लागली होती. पुढे लास वेगासमध्ये एल्विसच्या वेशातला माणूस लोकांची लग्नं लावू लागला. तिथे सोंगाची पहिली खूण म्हणजे पोशाख: पांढरा, खडे जडवलेला, उभ्या कॉलरचा जंपसूट, गालांवर कल्ले, डोळ्यांवर गॉगल. एवढं चढवलं की निम्मं काम झालं. गळा थोडा कमी पडला तरी लोक सांभाळून घेतात. गुरू कोण, तालीम कुठे झाली, हे कुणी विचारत नाही. असा जादूगार तिथे शोभतो. तुम्ही मात्र जंपसूटच्या जागी शालू आणि नथ ठेवून तोच माणूस इथे आणलात, तर गोव्यातला वाचक दोन पानांत पुस्तक मिटेल. इथला प्रेक्षक डोळ्यांआधी कानांनी तपासतो. जत्रेच्या नाटकाला मंडपात खाली बसलेल्या आजीला राग ओळखता येत नसेल, पण पदातली एखादी जागा, म्हणजे स्वरांचं नेमकं वळण, हुकली तर ती शेजारणीकडे बघते. तुमच्या पंथाला या आजीसमोर उभं राहायचं आहे.

अमेरिकेकडून एक गोष्ट मात्र जरूर घ्या. १९९२ साली तिथल्या टपाल खात्याने एल्विसच्या तिकिटासाठी लोकांचं मत मागवलं. तरुण एल्विस छापायचा की मोठ्या वयातला, जंपसूटमधला? तरुण जिंकला आणि तिकीट ८ जानेवारी १९९३ रोजी, त्याच्या जन्मतारखेला निघालं. म्हणजे सोंग काढणाऱ्याला गायक निवडून भागत नाही, त्याचं वयही निवडावं लागतं. तुमच्या खेळात प्रत्येक पात्राने सुरुवातीलाच हे ठरवावं, आणि त्या वयाप्रमाणे त्याची ताकद आणि दुबळेपणा बदलावा.

आता सोंग कुणाचं? माझं उत्तर स्पष्ट आहे: बालगंधर्वांचं. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८, निधन १९६७. याचं कारण त्यांच्या लोकप्रियतेपेक्षा खोल आहे. ते स्वतःच स्त्रीचं रूप घेऊन उभे राहत, आणि त्यांची साडी नेसण्याची, पदर घेण्याची, केसांत फुलं माळण्याची तऱ्हा पाहून त्या काळच्या घरंदाज बायका तशा नटू लागल्या. पुरुषाने बाईचं रूप घ्यायचं आणि खऱ्या बायकांनी त्या रूपाचं रूप घ्यायचं! ‘मानापमान’ या संगीत नाटकात याच्याही आत आणखी एक घडी आहे. नारायणराव भामिनी होतात आणि ती श्रीमंत भामिनी गरीब वनमाला बनून नायक धैर्यधरासमोर येते. त्यांच्या गाण्याचीही तीच कथा. ‘गंधर्व गायकी’ म्हणून लोकांनी ती इतकी गळ्यात उतरवली की पुढच्या पिढ्यांत मूळ गाणं कमी आणि त्याच्या छाया जास्त ऐकू येऊ लागल्या. सोंगातून सोंग निघण्याची अशी साखळी ज्याच्यामागे तयार आहे, तोच गायक अशा जादूच्या मुळाशी शोभतो. शक्ती त्या साखळीतून खाली झिरपते असं धरा.

तुम्ही म्हणाल, गोव्याचाच गायक का नको? मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर आहेत की. जरूर घ्या, पण वेगळी शाखा म्हणून. दीनानाथांनीही स्त्रीभूमिका केल्या, बलवंत संगीत मंडळी चालवली, आणि १९४२ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ते गेले. त्यांचं गाणं झेपावणारं होतं. तान कुठून उठेल आणि कुठे पडेल याचा ऐकणाऱ्याला अंदाज लागत नसे. त्यांचं सोंग काढणाऱ्याची जादू मोठी आणि बेभरवशाची असावी. जमली तर डोंगर हलेल, हुकली तर त्या रात्रीपुरता गळाच बसेल. तरुण खेळाडू हीच शाखा उचलतील, आणि ते योग्यच आहे.

केसरबाई केरकरांचं सोंग मात्र पंथात निषिद्ध ठेवा. त्या फोंड्याजवळच्या केरीच्या, अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकलेल्या. आपलं गाणं कुणी सहज उचलून नेऊ नये याबद्दल त्या कडक होत्या, आणि शिष्यही त्यांनी जवळजवळ केले नाहीत. या निषेधाला तुमच्या कथेत आधार हवा असेल तर तो खऱ्या इतिहासातच पडलेला आहे. १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर अंतराळयानांवर जी सोनेरी तबकडी चढवली, तिच्यात केसरबाईंनी गायलेली भैरवीतली चीज आहे. एल्विस १६ ऑगस्टला गेला. २० ऑगस्टला व्हॉयेजर-२ सुटलं, ५ सप्टेंबरला व्हॉयेजर-१, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. सगळं एका महिन्यात. व्हॉयेजर-१ तर २०१२ साली सौरवाऱ्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं. तुमचे सोंगकरी (मी त्यांना हेच नाव देईन) असं मानतील की जो आवाज पृथ्वी सोडून गेला, त्याचं सोंग इथल्या मातीवर उभं राहूच शकत नाही. जो प्रयत्न करील त्याचा स्वर त्याच्याकडे परत येणार नाही.

आता मुख्य प्रश्न, शक्तीचा. इथे बहुतेक नवे लेखक एकच वाट धरतात: सोंग जितकं हुबेहूब, तितकी जादू मोठी. ही वाट मला पटत नाही. मंचावर उभं राहिलेल्या कुणालाही विचारा, हुबेहूब गाण्याला टाळ्या मिळतात, पण त्याने अंगावर काटा येत नाही. काटा येतो तो वेगळ्याच क्षणी. समोरचा माणूस जाणून असतो की हा आमच्या गावचा अमक्याचा मुलगा आहे, सकाळी याच्याच दुकानातून साखर आणली. आणि तरीही एका ओळीवर तो मनाने कबूल करतो की आत्ता इथे भामिनी उभी आहे. फसलेला नसताना दिलेली ही कबुली आहे, आणि सोंगविद्येची सगळी शक्ती मी तिच्यात ठेवीन. म्हणजे जादू गाणाऱ्याकडे नाही, ऐकणाऱ्याकडे आहे. गाणारा ती मागतो.

आणि ती मागण्याची रीत आपल्या रंगभूमीने तयारच ठेवली आहे: वन्स मोअर. बालगंधर्वांच्या पदांना वन्स मोअरवर वन्स मोअर मिळत आणि नाटक पहाटेपर्यंत चाले, हे जुन्या लोकांकडून आपण सगळ्यांनीच ऐकलं आहे. तुमच्या खेळात हाच नियम करा. सोंगकऱ्याने पद पहिल्यांदा गायलं की काहीही घडत नाही. मंडपातून मागणी आली आणि त्याने ते पुन्हा घेतलं, की त्या दुसऱ्या गाण्यात जादू चालते. त्यातही एक अट घाला: दुसऱ्या वेळी तेच जसंच्या तसं गाता येणार नाही. मूळ गायक ओळ पुन्हा घेताना दर वेळी नवी जागा काढत असे, म्हणून त्याचं खरं सोंग काढणाऱ्यालाही नवीच जागा काढावी लागते, आणि ती ऐकून लोकांना वाटलं पाहिजे की हे मूळ गायकाचंच आहे. पाठ केलेलं इथे संपतं. गंधर्व गायकीत शब्द न मोडता स्वर फिरवणं, छोटी मुरकी, समेवर अलगद उतरणं हे सगळं शिकता येतं. कोणत्या शब्दाला किती लाड द्यायचा हे मात्र त्या क्षणी सुचावं लागतं. पात्राची परीक्षा तानेवर घेऊ नका, शब्दावर घ्या.

वातावरण लिहिताना रात्रीचा क्रम पक्का असू द्या, कारण विधी म्हणून तोच पुरेसा आहे. वेगळे मंत्र, यंत्र, वर्तुळं काढायची गरज नाही. संध्याकाळी रंगपटात तोंडाला रंग लागतो. पालखी देवळात परतली की लोक मंडपात जागा धरतात. ऑर्गनवाला पाय मारून सूर धरतो, तबलजी हातोडीने ठोकून तबला मिळवतो, तिसरी घंटा होते आणि नांदी सुरू होते. पायपेटीचा ऑर्गन महत्त्वाचा आहे. त्याचा सूर धरून ठेवणारा साथीदार हा सोंगकऱ्याचा खरा जोडीदार, आणि एखाद्या खेळाडूने ती भूमिका घेतली तर खेळाला फार रंगत येईल. सोंगकऱ्याचं भान सुटायला लागलं की साथीदाराने मूळ षड्ज (सा) जोरात दाबून त्याला परत आणायचं. आमच्याकडे गायक भरकटला की पेटीवाला हेच करतो.

भान सुटणं ही या विद्येची किंमत. ती रक्त, आयुष्य असल्या ठरीव गोष्टींत मोजू नका. नाट्यसंगीतात जी किंमत लोक खरोखर मोजतात, तीच घ्या. दुसऱ्याच्या लकबी गळ्यात इतक्या मुरतात की एके दिवशी स्वतःचं गाणं गायला बसावं तर ते सापडत नाही. चांगले, तयार गळे असे अडकलेले मी पाहिले आहेत. भजन म्हणायला बसले तरी गंधर्वांचाच पदर सावरतात. तेव्हा प्रत्येक यशस्वी वन्स मोअरनंतर पात्राने स्वतःची एक खूण गमवावी. आधी आपली हाक मारण्याची लकब जावी, मग हसणं, मग आईने शिकवलेली ओवी. शेवटी पात्र शक्तिमान असतं आणि घरच्यांना ओळखू येत नाही. बालगंधर्वांच्या आयुष्यातही सोंग न मोडण्याचा एक कठोर दिवस आहे. १९११ साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांचं मूल गेलं आणि तरीही प्रयोग झाला. हा प्रसंग खेळात नाट्य म्हणून वापरू नका, तो त्या घराचा शोक आहे. पंथातला एक नियम मात्र त्यावरून आपोआप सुचतो: तिसरी घंटा झाल्यावर सोंग उतरवता येत नाही, बाहेर काहीही घडो.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. शक्ती ऐकणाऱ्याच्या कबुलीत असेल, तर ज्याने मूळ गाणं प्रत्यक्ष ऐकलं आहे त्याची कबुली सगळ्यात वजनदार. अशी माणसं किती उरली? बालगंधर्व साठी उलटल्यावरही स्त्रीभूमिकेत उभे राहत, म्हणजे १९५० च्या सुमारास ज्याने त्यांना मंचावर पाहिलं तो आज ऐंशीच्या पुढे, बहुधा नव्वदीत. पंथात या माणसांना ‘साक्षी’ म्हणा. साक्षी पहिल्या रांगेत बसला असेल तर छोट्या पदालाही मोठं फळ. साक्षी नसेल तर मंडप भरलेला असूनही जादू फिकी. जसजसे साक्षी जातात तसतशी विद्या आटत जाते, आणि उरलेल्या एकेका साक्षीसाठी पंथात रस्सीखेच सुरू होते. एखाद्या वाड्यावर खाटेला खिळलेली आजी, तिला नवरात्रातल्या मखरोत्सवाच्या रात्री मंडपात आणायला धडपडणारे दोन गट, आणि तिला स्वतःला यातलं काहीच नको असणं: नातवाचं स्वतःचं गाणं ऐकायचं आहे फक्त. एवढ्यावर एक पूर्ण मोहीम उभी राहते.

यातूनच पंथात फूट पाडा. एक गट कानाचा: साक्षीकडून, गुरूकडून, ऐकून शिकलेला. दुसरा तबकडीचा. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत, त्यामुळे मंचावर ऐसपैस फुलणारं पद तिथे आवळून गावं लागे. तबकडीवरून शिकलेल्या सोंगकऱ्याला ती तीन मिनिटं अचूक येतात, त्यांतल्या श्वासासकट. चौथ्या मिनिटाला त्याच्याजवळ काही नसतं. म्हणून त्याची जादू झटपट, नेमकी आणि आखूड. कानवाल्यांची संथ, लांबणारी आणि चुकांनी भरलेली, कारण तीन पिढ्यांच्या कानांतून येताना प्रत्येकाने आपलं थोडं मिसळलेलं. कानवाले तबकडीवाल्यांना नकल्ये म्हणतील, आणि तबकडीवाले विचारतील की तुमच्या गाण्यात गंधर्व किती उरले आणि तुमचे काका किती. दोघांचंही म्हणणं खरं आहे आणि तुम्ही लेखक म्हणून बाजू घेऊ नका.

पंथाच्या इतिहासात एक दुष्काळही हवा. १९६०च्या दशकात मंगेशीच्याच पंडित जितेंद्र अभिषेकींनी नाट्यपद आटोपशीर केलं, नाटकाच्या ओघात बसवलं. रंगभूमीसाठी ते फार मोठं काम झालं. सोंगकऱ्यांच्या नजरेतून बघितलं, तर मात्र मागणी यायच्या आतच पद संपायला लागलं आणि त्यांचा झरा आटला. एकाच घटनेकडे असं दोन बाजूंनी बघता आलं की काल्पनिक पंथ खऱ्या जगात रुजतो.

अवसराचं विचारलंत. माझा सल्ला: तो बाहेर ठेवा. अंगात भार येणं, गाऱ्हाणं, कौलप्रसाद ही आपल्या गावांतली आजची श्रद्धा आहे, फाशांवर मांडायची वस्तू नव्हे. कथेच्या दृष्टीनेही ती इथे बसत नाही. अवसरात माणूस स्वतः बाजूला होतो, बोलणारा देव असतो. सोंगकऱ्याने मात्र पूर्णवेळ जागं राहायचं आहे. तो बाजूला झाला की कबुली कुणाला मिळणार? जुन्या गावकऱ्यांच्या तोंडी तुम्ही एवढंच वाक्य घालू शकता की देवळाच्या उंबऱ्याच्या आत सोंग चालत नाही, मंडपापासून पुढे चालतं. त्याने सीमाही ठरते आणि मानही राहतो.

शक्ती आवरायला एक सोपा नियम आपल्या म्हणीतच आहे: सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. या विद्येने धन निर्माण होत नाही, कर्ज फिटत नाही, जमिनीचा दावा जिंकता येत नाही. बालगंधर्वांच्या कंपनीवर किती कर्ज होतं हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. ज्याच्या गाण्यावर लोक वेडे झाले त्यालाही हे सोंग जमलं नाही. जत्रेच्या नाटकात प्रेक्षक नोटा पाठवतात आणि मायकवरून बक्षिसं जाहीर होतात. तो पैसा वन्स मोअर म्हणून धरायचा नाही. पैशाने मागवलेल्या पदात जादू चालत नाही, उलट त्या रात्रीची आधीची कबुलीही विटते. एका श्रीमंत खलनायकाला रोखायला हे पुरेसं आहे. आजकाल यंत्राकडून गायकाचा आवाज बनवून घेता येतो, त्यालाही हाच न्याय लावा: यंत्राला नवी जागा चुकण्याची भीती नाही, मग ऐकणाऱ्याने काय कबूल करायचं?

स्थळ म्हणून फोंड्याची देवळं सहज सुचतील. एकदा कुर्डीचा विचार करा. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं हे सांगे तालुक्यातलं गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की त्याचे अवशेष वर येतात आणि जुने गावकरी तिथे जमतात. सगळे प्रेक्षक साक्षी असतील अशी रात्र कुठे शोधायची, तर तिथे.

टेबलावर हे कसं चालवायचं तेही सांगतो. सोंगकऱ्याचा खेळाडू पदाची एक ओळ गातो किंवा नुसती म्हणतो, गळा नसला तरी चालेल. मग बाकीचे खेळाडू क्षणभर प्रेक्षक होतात. कुणाला आतून वाटलं तर त्याने ‘वन्स मोअर’ म्हणायचं आणि आपल्याकडची एक कवडी मध्ये ठेवायची. म्हणजे मागणाऱ्यालाही काही द्यावं लागतं. कुणीच म्हटलं नाही, तर फासा पडतच नाही. मागणी आली, तर खेळाडूने तीच ओळ एक शब्द वेगळ्या भावाने घेऊन पुन्हा म्हणायची आणि मग फासा टाकायचा. मध्ये जमलेल्या प्रत्येक कवडीमागे फाशात एक मिळवा, साक्षीच्या कवडीचे तीन धरा. साक्षीची भूमिका गटातल्या सर्वांत जुन्या खेळाडूला द्या आणि त्याला सांगा की भिडेखातर एकदाही ‘वन्स मोअर’ म्हणायचं नाही. नियमपुस्तक पुढे लिहायच्या आधी हा एवढाच प्रसंग चार जणांत खेळून बघा, आणि दुसऱ्यांदा ओळ म्हणताना टेबलावर काय होतं ते मला कळवा.